नाही म्हटलं तिथेच जाळं टाकतात

माझं माहेर बाळापूरकडचं, नदीच्या काठाला आमची भोयांची नऊ-दहा घरं, तिथे मी जन्मले, आणि कळायला लागल्यावर पहिलं खोटं जे ऐकलं ते मासोळीचं. काय सांगू तुम्हाला, आमच्यात मासोळीबद्दल खरं सांगायची पद्धतच नाही. बाबा सकाळी नदीवरून यायचे, खांद्यावर ओलं जाळं, डोक्यावरच्या टोपलीतून पाणी गळतंय, वर लिंबाचा पाला झाकलेला, आणि रस्त्यात कोणी विचारलं काय लागलं रे, तर बाबा म्हणायचे काही नाई, पाणीच पाणी. विचारणारा हसायचा नाही, रागवायचाही नाही. तो टोपलीकडे बघायचा, बाबांच्या मानेकडे बघायचा, मान किती ताठ धरली आहे त्यावरून टोपलीचं वजन ओळखायचा आणि आपल्या वाटेनं जायचा. खरं सांगितलं तर जाळ्याला नजर लागते असं आमची आजी म्हणायची. नजर म्हणजे काय, तर दुसऱ्या दिवशी त्याच डोहात दुसऱ्यांची तीन जाळी.

ती नजर एकदा मीच लावली. सात वर्षांची असेन. विहिरीवर शेजारच्या काकूनं लाडानं विचारलं, काय वो बाई, आज काय खाल्लं, तर मी सगळंच सांगून बसले, जांभळीखालच्या डोहात बाबांना दोन मरळ लागल्या, एवढ्या एवढ्या, हातानं माप दाखवून. दुसऱ्या दिवशी जांभळीखाली उभं राहायला जागा नव्हती. बाबा मारणारे नव्हते, बोललेही नाहीत, फक्त मला नदीवर नेणं बंद केलं. तेव्हापासून माझं बोलणं जे कमी झालं ते झालंच. खोटं जमत नाही आणि खरं बोललं तर घराचं नुकसान, मग तोंड मिटून राहणं बरं. शाळा चौथीपर्यंत गावात होती ती केली, पाचवी पुलापलीकडे होती, तिकडे काही पाठवलं नाही. अक्षर चांगलं होतं, फळ्यावरचा सुविचार गुरुजी मलाच लिहायला लावायचे. पण उभं राहून वाचायला सांगितलं की तळहाताला घाम. आताही चार माणसांत बोलायचं म्हटलं तर तेच होतं, म्हणून हे वहीत सांगते आहे, बोलल्यासारखंच सांगते, इकडचं तिकडचं मध्ये येईल.

लग्न करून आले ती अमरावतीच्या बाजूला, धरणाच्या गावात. मला वाटलं नदी लहान असते म्हणून माणसं खोटं बोलतात, धरण एवढं मोठं, इथे कोणाला कोणाची भीती असणार. पण इथे खोटंही धरणाएवढंच. इथे नुसतं काही नाही म्हणत नाहीत, इथे जागाही उलटी सांगतात. धरणाला दोन अंगं आहेत, एक खदानीची बाजू, जिथून भिंतीसाठी दगड काढला होता, आणि दुसरी टरबुजाची बाजू, जिथे उन्हाळ्यात पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या गाळात लोक टरबूज लावतात. खदानीला मासोळी लागली की टरबुजाचं नाव सांगायचं, टरबुजाला लागली की खदानीचं. आणि सगळ्यांना हे माहीत, म्हणून सगळे उलटं धरून चालतात. जिथे नाही म्हणतात तिथे जायचं, जिथे भल्ली म्हणजे खूप आहे म्हणतात तिथे जायचं नाही. लहान लेकरालाही हे इथे शिकवावं लागत नाही.

आमच्या घरचे तर मलाही खरं सांगत नाहीत. तीस वर्षं झाली संसाराला. सकाळी येतात, मी मासोळी निवडायला बसते, सहज विचारते कुठी टाकलं होतं जाळं, तर म्हणतात खदानीकडे. आणि पायाला चिखल काळा. खदानीकडे काळा चिखल येणार कुठून, तिकडे पिवळा मुरूम. मी बघते पायाकडे, ते बघतात माझ्याकडे, आणि मग जाऊन पाय धुऊन येतात. आता सांगा, मी काय माझ्या नवऱ्याच्या जागेवर जाळं टाकायला जाणार आहे का. पण सवय. एकदा मी म्हटलंही, अहो घरात तरी. तर म्हणाले, घराले भिती असतात अन् भितीले कान असतात.

या सगळ्या गावात मासोळीची खरी खबर देणारा एकच माणूस, धरणाच्या भिंतीजवळच्या चहाच्या टपरीचा बाबाराव. तो महानुभाव पंथाचा, वर्षातून दोनदा रिद्धपूरला जातो, मासोळी खाणं सोडा, टपरीसमोर टोपली ठेवू देत नाही. पण कोणाला काय लागलं हे तो बसल्या जागी सांगतो आणि बरोबर सांगतो, कारण त्याचं धरणात काही अडकलेलं नाही. व्यापारी आले की आधी त्याच्याकडे चहा पितात. एकदा त्यांना तो म्हणाला, भोयाले इचारू नका, मले इचारा, मी खात नाई म्हणून खरं सांगतो. आता बोला.

मग दोन वर्षांपूर्वी आमच्या मच्छीमार सोसायटीचा सचिव बदलला. प्रफुल नाव, बारावी शिकलेला, मला काकू म्हणतो, पोरगा सरळ आहे. त्यानं मोबाईलवर ग्रुप काढला. कारण असं होतं की बर्फाची गाडी यायची ती एकाच बाजूला उभी राहायची, आणि मासोळी निघायची दुसऱ्या बाजूला, उन्हाळ्यात दुपारपर्यंत तिचे डोळे पांढरे व्हायचे, मग ती कोण घेणार. प्रफुलनं सगळ्यांना बसवून सांगितलं, रोज सकाळी प्रत्येकानं लिहायचं, कोणत्या बाजूला, कोणती मासोळी, किती टोपल्या, म्हणजे गाडी तिथे बोलावता येईल, आणि खरं लिहायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं, एवढ्या लवकर माना डोलतात तेव्हा काही खरं नसतं.

आमच्या घरी लिहायचं काम माझ्यावर आलं. पोरगी अकोल्याला नर्सिंग शिकते, तिनं तिचा जुना मोबाईल मला दिला होता, यांना अक्षर लागत नाही. आणि खरं सांगते, मला ते काम आवडलं. तोंड उघडावं लागत नाही, कोणी आपल्याकडे बघत नाही, चुलीपुढे बसून लिहिलं आणि पाठवलं. मी प्रफुलनं सांगितलं तसंच लिहायची, जागा यांच्या पायाच्या चिखलावरून ओळखून. आज खदानीकडे, रोहू दोन टोपल्या, झिंगे थोडे. बाकीचे काय लिहायचे ते पहा. आज काही नाही. आज काही नाही. आज पाणी गढूळ. माझे धाकटे दीर, गजूभाऊ, ते तर रोज एका मोठ्या कतल्याचा फोटो टाकायचे आणि खाली लिहायचे, आज खदान. कतला तोच, हातातली धरायची पद्धत तीच, आणि अंगात स्वेटर. वैशाखात स्वेटर. प्रफुल फोन करून त्यांना म्हणाला, काका, निदान शर्ट तरी बदला. गजूभाऊ म्हणाले, अबे मासोळी खरी हाय ना, मंग.

ग्रुपमध्ये प्रफुलनं एक गिऱ्हाईकही घेतलं होतं, अमरावतीच्या राजापेठेतले एक रिटायर मास्तर. त्यांना गळ टाकून बसायचा छंद, दर रविवारी स्कूटरवर यायचे, सोसायटीची पावती फाडायचे आणि टोपी घालून दिवसभर काठावर बसायचे. ते बिचारे ग्रुपवर आलेलं सगळं खरं धरायचे. गजूभाऊंचा कतला पाहून खदानीला जाऊन बसायचे, संध्याकाळी रिकाम्या हातानं परत, आणि रात्री ग्रुपवर लिहायचे, आज योग नव्हता, माहितीबद्दल सर्वांचे आभार. लोक टपरीवर ते वाचून पोट धरून हसायचे. मला हसू यायचं नाही. विश्वास ठेवणाऱ्या माणसाला कोणी हसावं का.

माझं खरं लिहिणं लोकांना लवकर कळलं नाही, कारण त्यांनी तेही उलटंच धरलं. मी खदान लिहिलं की लोक टरबुजाकडे जायचे. त्यामुळे आमच्या जागेवर गर्दी होईना, आणि आमच्या घरचे, ज्यांनी आधी तू घर बुडवतं म्हणून दोन दिवस जेवताना पाठ फिरवली होती, ते खुश. म्हणाले, लिव, लिव, असंच लिव. मी म्हटलं, मी तर खरंच लिहिते. ते म्हणाले, हाव, तेच. मला तेव्हाही ते टोचलं होतं, पण म्हटलं जाऊ दे, कोणाचं नुकसान नाही.

नुकसान या वैशाखात झालं. त्याचं असं की मागच्या उन्हाळ्यात पाणी खूप उतरलं होतं, तेव्हा टरबुजाच्या बाजूला कोणीतरी पार खोलवर गाळात टरबूज लावलं, आणि रानडुकरं येतात म्हणून भोवती सिमेंटचे खांब रोवून काटेरी तार ओढली. पाऊस लवकर आला, पाणी चढलं, टरबूज गेलं, पण खांब आणि तार तशीच आत राहिली. यंदा पाणी उतरता उतरता त्या तारेवर छातीएवढं उरलं. वरून काही दिसत नाही. यांनी तिथे जाळं टाकलं आणि सकाळी ओढायला गेले तर अर्धं जाळं आत राहिलं. घरी आले. मी विचारलं तर म्हणाले काही नाई. जाळं बघितलं तर चिंध्या. मग सांगितलं तारेचं, आणि वरून म्हणाले, कोणाले सांगू नोको. मी म्हटलं काहून. तर म्हणाले, आपलं फाटलं, दुसऱ्याचंही फाटू दे, नाई तं आपल्यालेच हसतीन.

मला राहवलं नाही. जाळ्याचं एक असतं, पण माणसं आमची थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जातात, जाळं अडकलं की सोडवायला पाण्यात उतरतात, आणि पाण्याखाली ती गंजलेली तार. मी यांना न विचारता लिहिलं. अजून आहे मोबाईलमध्ये, तसंच उतरवते. टरबुजाच्या बाजूला कोणी जाऊ नका. तिकडे मासोळी नाही. पाण्याखाली काटेरी तार आहे. आमचं जाळं फाटलं. खदानीकडे रोहू लागतो आहे, तिकडे जा. पाठवलं आणि बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून मी भिंतीवर गेले, आणि काय बघते तर टरबुजाच्या बाजूला अकरा तराफे. कधी नाही ते अकरा. जे महिनाभर धरणावर आले नव्हते तेही. एकमेकांना ढकलून जाळी सोडत होते. सगळ्यात पुढे गजूभाऊ, नवं जाळं घेऊन. ते जाळं त्यांनी आणि माझ्या जाऊबाईनं हिवाळाभर अंगणात बसून तयार केलं होतं, वरच्या दोरीला बुचं ओवली, खालच्या दोरीला शिसं, त्या तंगुसाच्या पातळ दोऱ्यानं जाऊबाईची बोटं चिरली होती. मी भिंतीवरून हात हलवला. गजूभाऊंनीही हात हलवला. त्यांना वाटलं मी गुपित फुटलं म्हणून तडफडून राहिली.

मग ओढायची वेळ आली आणि एकेकाचं जाळं अडकायला लागलं. गजूभाऊ नवं जाळं कसं सोडणार, उतरले पाण्यात. पोटरीत तार घुसली, वरून तेच जाळं पायाला गुंडाळलं, आणि खाली गेले. वर आले, पुन्हा गेले. दोघांनी उड्या टाकून ओढून काढलं म्हणून, नाही तर माझी जाऊ आज काय करत असती ते मला लिहवत नाही. काठावर आणलं तेव्हा ओठ निळे, पोटरी उघडी. दवाखान्यात नेलं, टाके पडले, चार दिवस ठेवून घेतलं. आणि जाळं, ते अजून त्या तारेवरच आहे.

त्याच दिवशी एक गोष्ट आणखी झाली. रविवार होता. राजापेठेचे मास्तर आले, त्यांनी ग्रुपवर जे वाचलं होतं तसं खदानीकडे जाऊन बसले, आणि दुपारपर्यंत त्यांना चार रोहू लागले. त्यांनी फोटो टाकला, माझं नाव घेऊन आभार मानले. टोपीखाली तोंडभर हसू. इकडे अकरा जणांची जाळी फाटलेली आणि ग्रुपवर हा फोटो.

संध्याकाळी सोसायटीच्या टिनाच्या खोलीत बैठक बसली. मला बोलावलं. मी दारात उभी राहिले. आणि तुम्हाला सांगते, तिथे तारेबद्दल कोणी बोलेना, टरबूजवाल्याबद्दल बोलेना, सगळे माझ्यावर. एक म्हणाला, वहिनीनं मुद्दाम केलं. दुसरा म्हणाला, त्याईले माहीत होतं आपण उलटं धरतो, म्हणून त्याईनं सरळ लिवलं, आपल्याले फसवाले. मला आधी समजलंच नाही हे काय म्हणताहेत. खरं लिहून मी फसवलं. मी आमच्या घरच्यांकडे पाहिलं, म्हटलं आता हे तरी बोलतील. ते बोलले. म्हणाले, मी तिले सांगतलं होतं लिवू नोको, अन् लिवाचंच होतं तं लिवाचं की टरबुजाकडे बम मासोळी हाय, एक माणूस गेला नसता. आणि सगळ्यांनी माना हलवल्या, हाव, बरोबर हाय, तसं लिवलं असतं तं कोणी गेलं नसतं. प्रफुल डोक्याला हात लावून बसला होता.

माझ्या तळहाताला घाम आला. पण डोळ्यापुढे गजूभाऊंचे ओठ. मी बोलले. तीस वर्षांत त्या खोलीत बाईनं तोंड उघडल्याचं मला आठवत नाही.

मी लिवलं थे वाचाचं होतं, मी म्हटलं. मी नाई लिवलं थे कायले वाचलं?

एवढंच. मला वाटलं, लागलं असेल कुठेतरी. मग एक म्हातारा खाकरला आणि म्हणाला, आधी त्या मास्तरले ग्रुपमधून काहाडा, आपली खबर बाहेरचा खाऊन राहिला. आणि काढलं. हात वर करून ठराव करून काढलं. एवढ्या माणसांत ज्या एकानं लिहिलेलं सरळ वाचलं, त्याला काढलं. मास्तरांनी प्रफुलला फोन करून विचारलं, माझं काही चुकलं का. प्रफुलनं काय सांगावं. डोकं आपटून घ्यावंसं वाटतं कधी कधी, खरंच.

म्हटलं लिहिणं बंद, आता अशी खूण करू जिला वाचावं लागत नाही. चार दिवसांनी मी आणि जाऊबाई सकाळी गेलो, एका तराफ्यावर ती, एकावर मी, जुन्या लाल लुगड्याच्या पट्ट्या फाडून नेल्या, आणि खांब चाचपून चाचपून लांब बांबू बांधले, बांबूंवर पट्ट्या. लांबूनही दिसतील अशा. घरी येऊन भाकरी टाकल्या, मनाला जरा शांत वाटलं. आणि तिसऱ्या दिवशी पलीकडच्या गावातले दोघे जण जाळी घेऊन बरोबर त्याच पट्ट्यांपाशी. का, तर म्हणे कोणीतरी जागा राखून ठेवली, म्हणजे मासोळी असणारच.

मी काठावरून ओरडले, माझा आवाज तो केवढा. त्यांनी ऐकलं आणि हसले. म्हणाले, हाव वहिनी, तार हाय, माहीत हाय आमाले. तेवढ्यात मागून गजूभाऊ आले, काठी टेकत, दवाखान्यातून सुटून दोनच दिवस झाले होते. तेही ओरडले, अबे खरंच तार हाय. दोघे आणखीच हसले, गजूभाऊंना तर पंचक्रोशी ओळखते. मग गजूभाऊंनी काठी बाजूला ठेवली. खाली बसले, पायजमा गुडघ्यापर्यंत वर केला, पट्टी सोडली आणि पाय त्यांच्याकडे लांब करून तसेच बसून राहिले. टाके ताजे होते. त्या दोघांनी पाहिलं. एकानं दुसऱ्याला काही म्हटलं, आणि हळूहळू त्यांनी तराफे वळवले.

मी पट्टी पुन्हा बांधून द्यायला वाकले. गजूभाऊ माझ्याकडे बघत नव्हते, पाण्याकडे बघत होते. बैठकीनंतर माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. म्हणाले, वहिनी, मोबाईल आणला काय. मी म्हटलं हो. म्हणाले, मंग लिवा. दुसऱ्या खांबापासून सुरू होते, बाभळीच्या खुंटापाशी वळते, तिथून चाळीस हात आत. खुंटाच्या अलीकडे तीन पदर हायत, पलीकडे दोन. बरोबर लिवा, मी खाली दोनदा जाऊन पाह्यलं हाय. मी लिहीत गेले, ते सांगत गेले, हातांचा आकडा चुकला तर थांबवून पुन्हा सांगितलं. या माणसानं जन्मात कोणाला पाण्यातली जागा खरी सांगितली नव्हती, सख्ख्या भावालाही नाही.

ते मी पाठवलं, खाली त्यांचं नाव घातलं. याला आता पंधरा दिवस झाले. काही जण मानतात, काही जण अजून टपरीवर बसून ताडून पाहतात की गजूनं हे सांगितलं त्यात काय काळंबेरं आहे. सोसायटी म्हणते पाणी आणखी उतरलं की तार काढू. बघू. तोपर्यंत मी रोज सकाळी लिहिते, आणि गजूभाऊ फाटकापाशी उभे राहून विचारतात, आज काय लिवलं, वाचून दाखवा. मी वाचून दाखवते, उभी राहून. कोणाला उलटं धरायचं असेल तर धरा बापा, पण पाण्यात उतरण्याआधी एकदा सरळ वाचून पहा, तुमच्याही घरी कोणीतरी काठावर उभं असतं.